मुदत मोकळी, वेळ पक्की

‘किती सिटिंग्ज लागतील?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत येतो आणि तो रास्तच आहे. पैसा आणि वेळ विचारणाऱ्याचा जाणार असतो. सायकोडायनॅमिक थेरपीत मी आकडा देत नाही. कधी थांबायचं ते पुढे दोघांनी मिळून ठरवायचं. वार, वेळ, फी आणि ५० मिनिटं एवढं मात्र पक्कं. गृहपाठ नाही, आधी ठरवलेला विषय नाही. मनात येईल ते बोला. फुटकळ वाटलं तरी, माझ्याविषयी असलं तरी.

ऐकायला सोपं, करायला महाकठीण. सुरुवातीला लोक तयारी करून येतात, आठवड्याचा अहवाल देतात. अहवाल संपतो, दोघंही गप्प होतो, आणि माझ्या मते खरं काम तिथून पुढे.

एक बाई यायच्या. (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.) आल्या की आधी माझीच चौकशी: ‘दमलात का मॅडम? आज लवकर आटपू या?’ सगळ्यांचं करता करता स्वतःसाठी काही मागायचं राहून गेलं होतं. हे त्यांनी सांगितलं नव्हतं. माझ्याशीही त्या तशाच वागत होत्या, म्हणून दिसलं. जुनं नातं माणूस असं समोरच्याशी पुन्हा जगतो. हाच ट्रान्सफरन्स. ‘डोरा’ या आपल्या पेशंटच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या केसमध्ये तो आपल्याला वेळेत हाताळता आला नाही, असं फ्रॉइडने स्वतःच लिहून ठेवलंय. अशी सवय आठ सिटिंग्जमध्ये फार तर कळते. सुटायची तर ती खोलीत पुन्हा पुन्हा घडावी लागते.

मी मे महिन्यातली सुट्टी सांगितली. ‘जा ना, आराम करा,’ म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी वीस मिनिटं उशिरा आल्या. रिक्षा मिळाली नव्हती. मी म्हटलं, ‘नसेलच मिळाली. पण माझा थोडा रागही आलाय का?’ छे, मुळीच नाही! सुट्टीनंतर मात्र फटकन बोलून गेल्या, ‘तुमचं बरंय, वाटेल तेव्हा दुकान बंद!’ आणि स्वतःच दचकल्या. मी दुखावले नाही, समजूतही काढली नाही. पुढच्या मंगळवारी नेहमीच्या वेळी आम्ही त्या रागावरच बोललो.

ही थेरपी सगळ्यांना मानवत नाही. जिवाला धोका असेल किंवा व्यसन हाताबाहेर गेलं असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञ. आणि दर आठवड्याची फी अनेकांना झेपत नाही, हे या पद्धतीचं मोठं उणेपण.

बऱ्याच काळाने बाईंनीच विचारलं, ‘आता थांबू या?’

‘कोणाची सोय बघताय?’

‘या वेळी माझीच,’ त्या हसल्या. शेवटची तारीख आम्ही दोन महिने पुढची धरली. निरोपावर बोलायचं बाकी होतं.