सीलिंगवरचा पिवळा डाग

आषाढ लागला की आमचे फोन सुरू होतात. ‘सीलिंगला डाग पडलाय, स्लॅब गळतोय.’ तोवर गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून पैसे गेलेले असतात. मी सीलिंगचं पॅनेल उघडून आधी एसीच्या फ्लेक्सिबल डक्टवर हात फिरवतो. हात ओला होतो.

हे पाणी सीलिंगवरच्या पोकळीतल्या हवेतलंच. मुंबईच्या पावसाळ्यात हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली, तर साधारण २६ अंशांपेक्षा गार असलेल्या कशावरही दव धरतं. डक्टमधून तर १३-१४ अंशांची हवा वाहते. मध्ये इंचभर ग्लासवूल आणि वर फॉइलचं पातळ जॅकेट, एवढाच आडोसा.

लोकांचा भरवसा ग्लासवूलवर असतो, माझा जॅकेटवर. वूल वाफ अडवत नाही. जॅकेटला नखाएवढी चीर पडली तरी दमट हवा आत शिरते, डक्टच्या आतल्या थंड नळीवर तिचं पाणी होतं, वूल भिजतं. भिजलं की ते निकामीच. वरून टेप मारून ते वाळत नाही, उलट पाणी आत कोंडतं. तेवढा तुकडा बदलावाच लागतो, आणि याबाबत मी गिऱ्हाइकाचं ऐकत नाही.

सगळ्यात जास्त दोष सापडतो तो कॉलरपाशी, म्हणजे नळी मुख्य डक्टला जोडतात त्या पत्र्याच्या तोंडापाशी. घाईतला फिटर वूल मागे सारतो, नळी कॉलरवर चढवून क्लॅम्प आवळतो आणि पुढच्या ग्रिलकडे जातो. मागे दोन बोटं पत्रा उघडा राहतो आणि त्यावर घाम धरतो. पोरांना मी शिकवतो: नळी टेप-क्लॅम्पने पक्की झाली की वूल पुढे ओढून मुख्य डक्टच्या इन्सुलेशनला भिडव, त्यावर जॅकेट ओढ, मग फॉइल टेपचे दोन वेढे. त्याआधी जागा कोरड्या फडक्याने पुसायची. धुळीवर टेप टिकत नाही.

बारीक तारेने टांगलेला डक्ट पाहिला की जीव कळवळतो. तारेखाली वूल चेपतं, जॅकेट गार पडतं आणि नेमका तिथूनच थेंब गळतो. दीड इंच रुंद पट्टा हवा, चार-पाच फुटांवर एक.

आणि बाथरूमचा एक्झॉस्ट मी तपासतोच. कित्येक फ्लॅटमध्ये त्याचा पाइप सीलिंगच्या पोकळीतच सोडून दिलेला असतो. रोजच्या अंघोळीची वाफ थेट डक्टवर. तो पाइप आधी भिंतीबाहेर काढून घ्या, असं मी सांगतो. तो निघाल्याशिवाय डक्टचं काम हातात घेत नाही.