भोपाळचे तीन दिवस आणि टाकीजवळची भिंत

भोपाळ सहलीचे वृत्त त्या वेळी आपल्या याच पत्रात चार ओळींत छापून आले होते. "विद्यार्थ्यांनी भारत भवन पाहिले व मनमुराद आनंद लुटला." वृत्त आम्हीच लिहून दिले होते, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार? पण त्या चार ओळींत जे आले नाही ते मनातून जात नाही, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात आपल्या बऱ्हाणपुरातूनच करावी लागेल. दरवर्षी १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह असतो. २०२३ साली त्या सप्ताहात आम्ही दोघी शिक्षिका आठवी-नववीच्या मुलांना शाही किल्ल्यात घेऊन गेलो. मुमताज महल १६३१ मध्ये आपल्याच गावी वारली, तापीपलीकडे आहूखान्यात तिला आधी पुरले, हे मुलांना तोंडपाठ आहे. हमामाच्या छतावरची रंगीत वेलबुट्टी मात्र पुष्कळांनी प्रथमच नीट पाहिली. मान दुखेपर्यंत पाहिली. मग नजर खाली आली, तर भिंतींवर खिळ्याने कोरलेली नावे आणि बाण मारलेले बदाम! आम्हाला संताप आला. तिथेच उभे राहून दहा मिनिटे व्याख्यान दिले. भिंतीवर काही लिहायचे नाही, काही काढायचे नाही, भिंत कोणाचीही असो. मुलांनी माना डोलावल्या.

डिसेंबरात नववीतल्या एका मुलीने शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळच्या भिंतीवर गेरूने आणि चुन्याने चित्रे काढली. मुलगी बारेला समाजाची, नेपानगरच्या बाजूच्या एका फाल्यावरची. वडील पॉवरलूमवर कामाला लागले म्हणून कुटुंब गावात आले. मराठी तिची तिसरी भाषा, त्यामुळे वर्गात ती फारशी बोलत नसे. भिंतीवर माणसांची रांग होती, बैल होते, ताडाचे झाड होते आणि मधोमध एक मोटारसायकल. आम्ही काय केले? तिच्या हातात बादली आणि फडके दिले. चुना वाळला होता, तो निघेना. गेरूचा लाल चिखल भिंतभर पसरला. मधली सुट्टी संपेपर्यंत ती घासत राहिली. वर आम्ही विचारलेच, "किल्ल्यात काय सांगितलं होतं?" ती काही बोलली नाही.

(हा लेख छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवला आहे. नाव घालू नका म्हणाली, म्हणून घातलेले नाही.)

भारत भवनाचे उद्घाटन १३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते झाले. दरवर्षी त्या तारखेपासून तिथे वर्धापनदिनाचा समारोह असतो. आठ-दहा दिवस प्रदर्शने, नाटके, गाणे, कवितावाचन अशी जत्राच म्हणा. २०२४ चा ४२वा वर्धापनदिन गाठून आम्ही निघालो. चौदा मुले, आम्ही दोघी आणि चित्रकलेचे सर. पूर्ण आठवडा राहणे खिशाला झेपणारे नव्हते, तेव्हा तीन दिवस. रात्रीची गाडी, खंडवा, इटारसी, भोपाळ. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. ज्यांच्या ओळखीने मुक्कामाची सोय झाली त्यांच्यासाठी दराबा. त्यातला पाव किलो इटारसीच्या आधीच गायब झाला, तो कोणी खाल्ला हे अद्याप उघड झालेले नाही.

भारत भवनापाशी पोहोचलो तरी इमारत दिसेना. चार्ल्स कोरिया यांनी ती टेकडीच्या उतारात अशी बसवली आहे की आत शिरताना आपण तिच्या गच्चीवरच असतो. पायऱ्या उतरत जावे तशी एकामागून एक अंगणे लागतात, अंगणांभोवती दालने, आणि समोर मोठा तलाव. एक मुलगा म्हणाला, "बाई, हे आपल्या कुंडी भंडाऱ्यासारखं आहे. वरून काहीच दिसत नाही, सगळं खाली!" १६१५ चा कुंडी भंडारा आणि कोरिया यांची जोडी आम्हाला कधी सुचली नसती.

नाटक पाहिले. मुले पेंगली. खरे सांगायचे तर आमच्यातली एकही पेंगली. तलावाकाठच्या खुल्या रंगमंचाच्या, म्हणजे 'बहिरंग'च्या, पायऱ्यांवर बसून मावळता सूर्य पाहिला तेव्हा मात्र सगळे गप्प होते.

दुसरा दिवस 'रूपंकर'मध्ये गेला. भारत भवनातले कलासंग्रहालय ते हेच. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी ते उभे केले आणि शहरातल्या नामवंत चित्रकारांची कला व आदिवासींची कला एकाच छताखाली, सारख्याच मानाने मांडली. त्यासाठी त्यांनी तरुण कलाकारांच्या तुकड्या गावोगाव पाठवल्या. पाटणगढ गावात अशाच एका तुकडीला घराच्या भिंतीवरची चित्रे दिसली. ती काढणारा परधान गोंड तरुण म्हणजे जनगढसिंह श्याम. त्याला भोपाळला आणले. ठिपक्यांनी आणि बारीक रेघांनी भरलेले त्याचे प्राणी पुढे परदेशातही गेले. २००१ साली जपानमध्ये त्याचा मृत्यू झाला. आज त्याच्या शैलीला 'जनगढ कलम' म्हणतात.

सर हे सांगत होते आणि 'भिंतीवरची चित्रे' या शब्दांशी आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहणे टाळले.

पुढे भूरीबाईंची चित्रे होती. झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोल गावच्या भिल्ल बाई. भारत भवन बांधले जात असताना त्या तिथेच मजुरी करत होत्या, रोज सहा रुपयांवर. स्वामीनाथनांनी त्यांना विचारले, तुमच्याकडे चित्रे काढतात तशी काढून दाखवाल का? गावी त्या गेरू, कोळसा, पानांचा रस असले रंग वापरत. इथे हाती कागद आणि तयार रंग आले. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आमची मुलगी त्या चित्रांपुढून हलेना. बाकीची मुले पुढच्या दालनात गेली. मग तिने विचारले, "बाई, यांना कोणी पुसायला नाही लावलं?"

आवाजात टोमणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. सर चपलेकडे पाहू लागले. आम्ही "नाही" एवढेच म्हणालो. संध्याकाळी पायऱ्यांवर तिच्याशेजारी बसून, जे म्हणायला डिसेंबरपासून उशीर झाला होता, ते म्हटले. ती लाजली आणि उठून मुलींमध्ये जाऊन बसली.

परत आल्यावर भिंतीचा विषय समितीपुढे ठेवला. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, उद्या सगळीच मुले भिंती रंगवू लागली तर? प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. हमामातले बदाम आम्हीही पाहिले आहेत. ज्याने खिळा चालवला त्याला खाली भिंत दिसली, वरचे छत दिसले नाही, एवढा फरक आम्हाला सांगता आला. तो सगळ्यांना पटला असे नाही, पण आठ फुटांची परवानगी मिळाली.

टाकीजवळची जागा मुलीनेच नाकारली. तिथे ओल येते म्हणाली. व्हरांड्यातली भिंत तिने निवडली. एप्रिलच्या एका रविवारी ती आईला घेऊन आली. आईने आधी भिंतीला चुना दिला, तो वाळेपर्यंत बसून राहिली, मग लेकीने काढलेल्या बैलाची शिंगे चुकली म्हणून ती पुसून नव्याने काढली. ताडाचे झाडही दुरुस्त केले. मोटारसायकलला मात्र लेकीने आईचा हात लागू दिला नाही.