विहाराच्या अंगणातला बाजार

प्रवासास निघताना बाजार आमच्या मनात नव्हताच. बँकॉकला नोकरीस असलेल्या भाच्याने बोलाविले, तिकिटे त्यानेच काढून पाठविली, आणि गेल्या जानेवारीत आम्ही उभयता सयामला जाऊन पोहोचलो. त्या देशाने आपले नाव १९३९ साली थायलंड असे केले, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु आमच्या वडिलांच्या तोंडी शेवटपर्यंत सयामच होते आणि आमच्याही जिभेवर तेच प्रथम येते. मनात होती ती तिकडची देवळे. म्हणून भाच्याने आम्हांस उत्तरेकडील चियांग माई या नगरास नेले. राजा मंगराय याने ते १२९६ साली वसविले. नावाचा अर्थ ‘नवे नगर’. सातशे वर्षे उलटली तरी ते आपले नवेच. जुन्या गावाभोवती चौरस खंदक आहे, आणि आत पाहावे तिकडे विहार. वाट चेदी लुआंग येथील विटांचा प्रचंड स्तूप १५४५ च्या भूकंपात वरून ढासळला, तो तसाच भग्न शिखराने उभा आहे. त्याच्या पायाशी आम्ही बराच वेळ बसलो होतो. मन भरून आले होते आणि खरे सांगावयाचे तर पायही भरून आले होते.

अशा वेळी भाचा म्हणाला, “मामा, आज रविवार आहे. रात्रीचा बाजार पाहिल्यावाचून तुम्हांला इथून सोडणार नाही.”

बाजार तो काय पाहावयाचा, असे आम्ही मनात म्हटले. तरी गेलो.

पूर्वेकडील ता फे वेशीपासून पश्चिमेस वाट फ्रा सिंग या विहारापर्यंत सुमारे एक किलोमीटर लांबीचा राजमार्ग आहे. दर रविवारी दुपार कलली की तो वाहनांस बंद होतो आणि दुतर्फा विक्रेते पथाऱ्या पसरतात. त्याचे थाई नाव राचदम्नोएन. त्यातला आरंभीचा ‘राज’ आपल्याच घरचा. त्या देशात कानांस असे सारखे चकवे बसतात. भेटताच हात जोडून ते ‘सवात्दी’ म्हणतात. ते आपले ‘स्वस्ति’ होय. तेथील एका पंडिताने योजिलेला तो शब्द सरकारने १९४३ साली रूढ केला. मोगरीच्या गजऱ्यांना ‘पुआंग मालै’ म्हणतात. त्यात आमच्या कानांना तर माळच ऐकू आली.

सहा वाजले आणि एक नवल घडले. ध्वनिक्षेपकावर त्यांचे राष्ट्रगीत सुरू झाले आणि तो अफाट जनसमुदाय, हातातला घास हातात ठेवून, जागच्या जागी उभा राहिला. घासाघीस थांबली, पोरे थांबली, गोरे प्रवासीही इकडे तिकडे पाहून थांबले. गीत संपले तसे, कळ दाबावी तसे, सारे पुन्हा हलू लागले.

मालाविषयी फार लिहीत नाही. बो सांग गावच्या रंगीत कागदी छत्र्या, तुतीच्या सालीच्या कागदाच्या वह्या, डोंगरातल्या ह्मोंग लोकांचे भरतकाम आणि साबणाच्या वडीतून कोरलेली कमळे आम्ही पाहिली. कमळे तर इतकी नाजूक की हात लावण्यास भीती वाटावी. पण त्यांच्याच शेजारी हत्तींच्या चित्रांच्या एकसारख्या विजारींचे ढीगही होते, ते कोणत्याशा कारखान्यातून आलेले दिसत होते. असला माल आता आपल्याकडील जत्रांतूनही येतो, तेव्हा आम्हांस नाक मुरडण्याचा अधिकार नाही. रस्त्याच्या मधोमध आंधळे वादक एकामागे एक बसले होते. गर्दी पाण्याप्रमाणे दुभंगून त्यांच्या दोन्ही अंगांनी वाहत होती.

खाण्याची पंचाईत आम्ही गृहीतच धरली होती. त्या देशात भाजीतही मासळीचा रस्सा शिंपडतात. मत्स्याहारी गोवेकराने याची तक्रार करावी हे हास्यास्पद खरे, पण तो दिवस आमच्या पत्नीच्या व्रताचा होता. भाच्याने पिवळ्या कापडावर तांबड्या अक्षराचा एक फलक दाखविला. ते ‘चे’ अन्नाचे चिन्ह. त्यात मांस, मासा, अंडे, दूध तर नाहीच, पण कांदा-लसूणही नाही. आपल्या चातुर्मासाची आठवण व्हावी असा नेम. साध्या शाकाहाराला थाईत ‘मंग्सविरत’ म्हणतात, हे त्याने सांगितले आणि आम्ही जागीच थबकलो. मांस-विरति! हा शब्द आपण विसरलो आणि त्यांनी जपला.

फलकाच्या मागे विहाराचे दार होते. त्याचे नाव वाट फान ओन. आम्ही आत पाऊल टाकले आणि थांबलो. सोनेरी स्तूप दिव्यांनी उजळला होता, आणि त्याच्या पुढचे सगळे अंगण चुलींनी, कढयांनी व बाकड्यांनी भरले होते. कोणी शेवया परतीत होते, कोणी मांसाच्या काड्या निखाऱ्यावर फिरवीत होते. देवाच्या दारी मांस! पत्नीने पदर नाकाशी धरला. येथील भिक्षू मध्यान्हानंतर अन्नास शिवत नाहीत, हे आम्ही सकाळीच ऐकले होते. म्हणजे ज्यांचे अंगण, ते त्या सुगंधात उपाशी बसलेले. त्यांपैकी एक तरुण भिक्षू पायरीवर उभा राहून गर्दीकडे प्रसन्नपणे पाहत होता. त्याच्या मुद्रेवर आम्ही नापसंती शोधीत होतो, हे आम्हांस मागाहून उमगले.

एवढ्यात पत्नी भिंतीकडे वळली. तेथे एक म्हातारी बाई खाचांच्या बिडाच्या तव्यात तांदळाचे पीठ आणि नारळाचा रस ओतीत होती. “अरे, हे आमचे आप्पे न्हय?” पत्नी कोकणीत उद्गारली. म्हातारीस कोकणी कळण्याचे कारण नव्हते. तरी ती हसली आणि केळीच्या पानाच्या द्रोणात आठ गरम घातले. त्यास ‘खनोम क्रोक’ म्हणतात. दोन अर्धे जोडून केलेले, बाहेरून कुरकुरीत, आत अजून पातळच. पत्नी विटेवर बसून निवांतपणे खाऊ लागली. आमच्या घशाखाली मात्र दुसरा उतरेना.

कारण त्या म्हातारीच्या जागी आम्हांस दुसरी दिसत होती.

आमच्या देवस्थानाच्या जत्रेत दीपस्तंभाखाली एक खाजेवाली बसत असे. तिच्या आधी तिची सासू बसे. रथ निघाला की ती उठून हात जोडी आणि तिथूनच गर्भागारातील समई दिसते असे सांगे. प्राकारात नवी फरसबंदी झाली त्या वर्षी महाजनांच्या सभेत ठराव आला, की फेरीची सर्व दुकाने रस्त्यापलीकडील मैदानात न्यावीत. कारणे खोटी नव्हती. तेलाचे डाग पडत, गर्दीत चुलींची भीती असे, आदल्या वर्षी एक मूल भाजता भाजता वाचले होते. ठरावाचा मसुदा आम्हीच लिहिला. ‘देवस्थानाचे पावित्र्य व स्वच्छता’ हे शब्द आमचे. तेव्हा त्यांचा अभिमानही वाटला होता. ठराव एकमताने संमत झाला. ज्यांना उठावयाचे होते त्यांपैकी सभेत कोणी नव्हते, हे सांगावयास नकोच.

पुढल्या जत्रेस ती मैदानात बसली. आम्ही पाव किलो खाजे मागितले. पुडी बांधता बांधता ती वर न पाहता म्हणाली, “देवाचे नदरेभायर काडली म्हाका.” तिच्या आवाजात राग नव्हता. आम्ही पैसे दिले व काही तरी पुटपुटून निघालो. त्यानंतरच्या वर्षी ती आली नाही.

चियांग माईच्या त्या अंगणात आम्ही दहा वाजेपर्यंत बसलो. पत्नी थकली होती, भाचा घड्याळ पाहत होता, पण आम्हांस शेवट पाहावयाचा होता. दुकाने उठू लागली. म्हातारीने तवा पुसला, राख डब्यात भरली, मग केरसुणी घेऊन आपली जागा झाडली आणि शेजारची, जिचा मालक आधीच निघून गेला होता, तीही झाडली. पादत्राणे पायरीखाली ठेवून ती विहाराच्या दारापर्यंत गेली, पेटीत एक नाणे टाकले, गुडघे टेकून तीन वेळा वाकली आणि हातगाडी ढकलीत बाहेर पडली. फरशीवर तेलाचे डाग होते. आम्ही ते मोजल्यासारखे पाहिले.

येत्या महाजनसभेच्या विषयपत्रिकेत दीपस्तंभाखालील पाच-सहा जागांचा विषय आम्ही घातला आहे. अग्रशाळेच्या रंगरंगोटीनंतर, सातवा. चुली कोठे ठेवाव्यात, वाळूच्या बादल्या किती हव्यात, याचा तपशीलही जोडला आहे. काही मित्रांनी आताच नाराजी कळविली आहे, आणि त्यांच्या पत्रांत आमचेच जुने शब्द आहेत.

खाजेवालीची चौकशी केली. मुलगा पणजीस एका दुकानात लागला आहे. म्हातारी घरीच असते, डोळ्यांना आता कमी दिसते असे कळले. तिच्याकडे जावयाचे आम्ही दोनदा ठरविले. अद्याप जाणे झालेले नाही.