ऐकण्याचा परवाना

आमच्या अण्णांच्या लोखंडी ट्रंकेत घराच्या खरेदीखताशेजारी एक लहानसे पुस्तक जपून ठेवलेले असे. ते बँकेचे नव्हते, रेशनचेही नव्हते. ते होते रेडिओ ऐकण्याच्या परवान्याचे. दरसाल कर्जतच्या पोस्टात जाऊन पंधरा रुपये भरायचे. मग पुस्तकात एक तिकीट चिकटे, त्यावर शिक्का बसे आणि अण्णा पुढल्या वर्षापुरते ऐकायला मोकळे होत. रेडिओ विकत घ्यायला पैसे पडतात हे माझ्या वर्गातल्या मुलांना पटते. पण स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या रेडिओचा कान पिरगाळायला सरकारची परवानगी लागे, हे सांगितले की ती एकमेकांकडे पाहून हसतात. मास्तर कादंबऱ्या लिहितात, तेव्हा हीही त्यातलीच एक थाप, असे त्यांना वाटत असावे.

थाप नव्हे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले ते एका खाजगी कंपनीचे. ऐकणाऱ्याने वर्षाला दहा रुपये भरायचे आणि त्यातले आठ कंपनीला मिळायचे, असा व्यवहार होता. रेडिओ घेणारे थोडे आणि परवाना घेणारे त्याहून थोडे. साऱ्या देशात मिळून आठ हजार परवानेही झाले नाहीत आणि १९३० साली कंपनीचे दिवाळे वाजले. मग सरकारने तो कारभार हाती घेतला, १९३३ मध्ये बिनतारी यंत्रांचा कायदा केला, आणि ज्याच्या घरी यंत्र त्याच्या घरी परवाना हा नियम पक्का झाला. तो उठला १९८४ च्या सुमारास. मी तेव्हा तीन-चार वर्षांचा. म्हणजे पोस्टाच्या त्या वाऱ्या मला आठवायचे कारण नाही. पण अण्णांच्या तोंडून तपासनिसाच्या कथा पुष्कळ ऐकल्या आहेत. आमच्या आळीतल्या एका गृहस्थांनी म्हणे तपासनीस येतो आहे असे कळताच ट्रान्झिस्टर उचलून भाताच्या कणगीत लपवला. बंद करायचे तेवढे घाईत राहून गेले. तपासनीस ओटीवर चहा पीत बसले असताना माजघरातल्या कणगीतून लताबाईंचा आवाज येऊ लागला. खरेखोटे अण्णा जाणोत. गोष्ट सांगताना ते स्वतःच इतके हसत की शेवट दरवेळी निराळा होई.

अण्णा रेल्वेत होते. घाट चढायला कर्जतला गाडीमागे जादा इंजिने लागत, त्यांच्या वेळा अण्णांच्या झोपेच्या वेळा ठरवीत. लग्नानंतर त्यांनी लाकडी पेटीचा मोठा रेडिओ घेतला. तो लावल्यावर आधी हिरवा डोळा हळूहळू उघडे, मग आतून घरघर येई, आणि मग आवाज. पंधरा रुपये भरायचे ते सरकारच्या नावाने, आणि काटा फिरवायचा तो सिलोनकडे! यात आपण काही विपरीत करतो असे अण्णांना कधी वाटले नाही, आणि तेव्हा देशातल्या फार थोड्यांना वाटले असेल.

सिलोनची कथा मोठी मौजेची आहे. महायुद्धात माउंटबॅटनसाहेबांच्या फौजेची करमणूक करायला कोलंबोजवळ एक बलाढ्य लघुलहरी यंत्र बसवले गेले. युद्ध संपले, फौजा गेल्या, यंत्र मागे उरले, आणि १९४९ मध्ये ते रेडिओ सिलोनच्या हाती आले. इतका मोठा आवाज घेऊन त्या चिमुकल्या बेटाने करायचे काय? त्यांनी तो जाहिरातदारांना भाड्याने दिला. इकडे दिल्लीत नभोवाणीचे मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपलेच मराठी गृहस्थ. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे ते त्या खात्यावर होते. शास्त्रीय संगीतावर त्यांची खरी निष्ठा होती आणि सिनेमाच्या गाण्यांवर तितकाच खरा राग. आकाशवाणीवरून ती गाणी हटली, आणि ऐकणारे गाण्यांमागोमाग समुद्र ओलांडून गेले. ३ डिसेंबर १९५२ ला अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. तिचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई, फिती विमानाने कोलंबोला जात, आणि तिथून तो आवाज दीड हजार किलोमीटरची रपेट करून पुन्हा मुंबईच्या दाराशी येई. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविधभारती काढून सरकारने आपले हरवलेले श्रोते परत बोलावले. अण्णांसारखे काही मात्र फिरलेच नाहीत. 'माणसाला काय ऐकायचे ते वरून ठरवता येत नाही' असे काही त्यांनी म्हटल्याचे मला आठवत नाही, ते एवढेच म्हणत, "सिलोन स्वच्छ लागतं."

आणि लागतही असे. लघुलहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटून खाली येतात. त्यांना डोंगराची पर्वा नसते. आमच्या पश्चिमेला माथेरान, पूर्वेला भीमाशंकरची भिंत. मुंबईच्या एफएमचा आवाज आमच्याकडे येता येता डोंगराशी अडखळतो, पुण्याचा घाटातच दमतो. लांबचे स्वच्छ आणि जवळचे खरखरीत, हा अनुभव आम्हा कर्जत-खालापूरकरांना रेडिओने फार लवकर दिला.

कोलंबोला हिंदी ही परकीच भाषा. पण त्या परक्या भाषेत बोलायचे तिला पैसे मिळत. ज्यात पैसा नाही आणि पकडले गेलो तर तुरुंग ठरलेला, असे बोलणेही याच मुलखात झाले आहे. युद्ध सुरू होताच हौशी बिनतारीवाल्यांचे परवाने सरकारने रद्द केले होते. तरी १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालू केला, जागा बदलत बदलत तो १२ नोव्हेंबरपर्यंत टिकवला, आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. त्याच सुमारास आमच्या माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता मुंबईकडे जाणारे विजेचे मनोरे पाडीत होते. एकाला बोलायला वीज हवी, दुसरा ती तोडतो आहे, आणि दोघांचे काम एकच! २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पडले, तेव्हा ती बातमी सांगायला तो रेडिओ उरला नव्हता.

पण मला अधिक ओढ आहे ती आंबोलीच्या केंद्राची. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोन तरुण माणसे सह्याद्रीच्या जंगलातून पोर्तुगीज आणि कोकणी भाषांत बोलू लागली. आधी सावंतवाडीच्या अंगाला आंबोलीत, पुढे कॅसलरॉकला. यंत्र एका ट्रकमध्ये बसवलेले. गोव्यात सालाझारच्या राजवटीने वर्तमानपत्रांची तोंडे शिवलेली होती. सीमेवरून मात्र 'स्वातंत्र्याचा आवाज' रोज आत शिरत होता. आंबोलीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको की तिथे आठ दिवस राहणे हीसुद्धा तपश्चर्या आहे. हे दोघे जवळजवळ सहा वर्षे रानात होते. कोकणी का, हे उघड आहे. पोर्तुगीज का, यावर मी पुष्कळ विचार केला. राज्यकर्त्याला त्याच्याच भाषेत सुनावण्यासाठी, हे एक. आणि दुसरे असे की, शिकलेल्या गोवेकरांतल्या कित्येकांचा विचारच त्या भाषेत चाले. ज्या भाषेत माणूस विचार करतो तिच्यात त्याच्याशी बोलावे, एवढी साधी गोष्ट त्या दोघांना कळलेली होती. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तेव्हा विमानातून गोव्यावर फिरत हीच दोघे ती वार्ता सांगत होती. मग केंद्र थांबले. काम संपल्यावर थांबलेले नभोवाणी केंद्र मला दुसरे ठाऊक नाही.

हे सारे आज लिहायचे कारण माझ्या वर्गात आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. शाळेत मी चित्रकला शिकवतो. माझ्याकडे एक कातकऱ्यांची मुलगी आहे. चित्र काढायला सांगितले की वीटभट्टी काढते, विटांचे थर मोजून काढते, आणि बोलत मात्र काहीच नाही. तिची भाषा घरी राहते. शाळेत मराठी, दुकानात हिंदी. कात काढणारे म्हणून कातकरी हे नाव पडले. कात गेला, नाव राहिले, बोलीही राहिली. पण रेडिओचा काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तरी ती बोली लागायची नाही.

आता ऐकायला परवाना लागत नाही, बोलायला लागतो. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यानंतर लिलाव होऊन खाजगी एफएम आले आणि शहरात गाणी वाढली. लहान माणसांना दार उघडले ते २००६ च्या सामुदायिक रेडिओच्या धोरणाने. त्याच धोरणाखाली २००८ मध्ये म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' निघाली. आम्ही चार मंडळींनी ते नियम आणून वाचले. एकट्यादुकट्याला परवाना नाही, राजकीय पक्षाला नाही. संस्था नोंदवून तीन वर्षे झालेली हवीत. शक्ती शंभर वॅटची. जे बोललात ते तीन महिने जपून ठेवायचे. आणि एक वाक्य वाचून तर मी चष्मा पुसला: कार्यक्रम शक्यतो स्थानिक भाषेत आणि बोलीत असावेत, असे सरकारच म्हणते. आमच्या मंडळाला नोंदून एकच वर्ष झाले आहे. दोन वर्षे थांबायचे; तोवर वाड्यांवर जाऊन काय ऐकायला आवडेल ते विचारीत फिरतो आहोत.

ठाकरांच्या एका वाडीवर एक म्हातारे म्हणाले, "पावसात रातचं कुनी बोललं पायजे." पुढे त्यांनी काही सांगितले नाही आणि कुणी विचारले नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस देह मिळाले, सत्तावन्न माणसे मिळालीच नाहीत. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत त्या वाडीचे नाव नव्हते. रेडिओ असता तर वाडी वाचली असती असे मी म्हणणार नाही. यादीत नसलेल्या वाडीला सावध कोण करणार? पण म्हाताऱ्यांनी सावधगिरी मागितलीच नव्हती. काळोखात कुणीतरी बोलत असावे, एवढेच ते म्हणत होते.

कातकरवाडीवर आमच्या त्या विद्यार्थिनीची आजी भेटली. आमचे सगळे ऐकून घेऊन तिने पहिला प्रश्न विचारला तो व्यवहाराचा. "बोलायला पैसं पडतात काय?"

"नाही, आजी."

"मंग माज्या लेकाला ऐकू जाईल? तो तिकडं भिवंडीच्या अंगाला भट्टीवर हाये."

शंभर वॅटची धाव दहा-बारा किलोमीटरची, त्यात मध्ये डोंगर. मी सांगितले की तेवढे लांब जाणार नाही. ती जरा वेळ गप्प राहिली. कुडाशी टेकलेली नात जमिनीवर काडीने काहीतरी काढीत होती.

"मंग पावसाळ्यात लावा तुमचा रेडू," आजी म्हणाली. "दिवाळी झाली की समदी जातात भट्टीवर. पानी पडला की येतात घरी. तवा लावा. तवा समदी असतात."

माझ्या सोबत्याने ते वहीत टिपून घेतले.