थंड हवेच्या गावी बर्फाचा वैद्य

माथेरानला दोन दिवस राहून एकही पॉइंट न पाहता परत आलेला माणूस तुम्हांला सहसा भेटणार नाही. हा मान मी मिळवला आहे. २०१८ सालच्या मे महिन्यात ऐन गर्दीच्या दिवसांत मी तिथे होतो. पण पॅनोरमा पॉइंटचा सूर्योदय पाहिला नाही, शार्लोट तळ्याकाठी बसलो नाही, की घोड्यावर बसून फोटो काढला नाही. मी पाहिल्या त्या फ्रीजरच्या पाठी, गीझरची पोटे आणि एका पोटमाळ्यावरची धूळ. आणि तरीही सांगतो, माथेरान मला खरे भेटले ते त्याच खेपेला.

याला कारण आमचे मामा. मामा नेरळला राहतात आणि तीसेक वर्षे फ्रीज, डीप फ्रीजर, वॉटर कूलर, गीझर अशा गरम-गार यंत्रांची दुरुस्ती करतात. त्यांचे निम्मे गिऱ्हाईक खाली आणि निम्मे वर, डोंगरावर. मी सुटीला गेलो होतो. त्यांच्या हाताखालचा मुलगा लग्नाला गेलेला, आणि वरून निरोप आलेला. मामी म्हणाली, "नुसता लोळतोयस, त्यापेक्षा मामांची पिशवी तरी धर." मी पिशवी धरली, आणि ती पहिल्या झटक्यातच खाली ठेवली. आत पाने, पक्कड, तांब्याच्या नळ्या, गेज आणि गॅसचा डबा असा संसार होता.

"मामा," मी विचारले, "थंड हवेच्या ठिकाणी थंडावा विकत कोण घेतो?"

"वर ये, मग कळेल," मामा म्हणाले. "माणूस घाम पुसायला डोंगरावर जातो आणि तिथे पोचल्यावर पहिल्यांदा काय मागतो? आइस्क्रीम!"

खरेच आहे. थंडीची ही हौस आपल्याकडे जुनी आहे. १८३३ साली अमेरिकेतून बर्फ जहाजात घालून कलकत्त्याला आणला गेला, आणि लवकरच मुंबईकरांनाही त्याची चटक लागली. गोठलेल्या तळ्याचे पाणी अर्धे जग ओलांडून आपल्या पेल्यात! आज तो बर्फ चार फुटांच्या पेटीत तयार होतो. पण ती पेटी डोंगरावर चढवणे हे मात्र माथेरानात अजून जहाजाइतकेच अवघड काम आहे.

कारण माथेरानात मोटार नाही. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट साहेब हा डोंगर चढून गेले आणि त्यांना जागा आवडली. पुढे बंगले उठले. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशांतून दोन फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी नेरळहून वर पोचली. तिच्या वाटेवर एका स्टेशनाचे नावच 'वॉटर पाइप' आहे. आमच्या धंद्याला साजेसे! गाडी आली, पण मोटार गावात शिरली नाही. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान हे पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केले. टॅक्सी दस्तुरीपर्यंत, तिथून पुढे पाय, घोडा, नाही तर माणसांनी ओढायची गाडी.

आम्ही दस्तुरीला उतरलो, तेव्हा समोरच एक नवा कोरा डीप फ्रीजर हातगाडीवर बांधला जात होता. चार माणसे. दोन पुढून ओढणार, दोन मागून रेटणार. वाट लाल मातीची, चढउताराची आणि अडीच-तीन किलोमीटरांची. मामा जरा वेळ उभे राहून पाहत होते. मग म्हणाले, "लक्षात ठेव. वर जो जो 'नवीन घ्या' म्हणतो, त्याचं हे बिल इथं फाटतं."

मला तेव्हा त्याचा अर्थ नीट उमगला नाही.

ज्यांचा निरोप होता त्या बाई बाजारात छोटे दुकान चालवतात. चहा, थंड पेये, चिक्की आणि आइस्क्रीम. यजमान तीन वर्षांपूर्वी गेलेले. माथेरानच्या दुकानदाराचे वर्ष म्हणजे काय, तर मे महिना आणि दिवाळी-नाताळची सुटी. जून लागला की २०० इंचांच्या वर पाऊस कोसळतो, धुके दारात येऊन बसते आणि गिऱ्हाईक पातळ होते. मेमध्ये मिळेल ते चार महिने पुरवायचे. आणि नेमक्या त्याच महिन्यात त्यांचा फ्रीजर बंद पडला होता.

"भाऊ, आलात एकदाचे!" त्या म्हणाल्या. "काल दुसरे एक मिस्त्री पाहून गेले. म्हणाले, कॉम्प्रेसर जळला. बारा हजार सांगितलेत, वर आणायची हमाली वेगळी. पोरीची फी भरायची आहे हो जूनमध्ये."

वितळलेले आइस्क्रीम फेकून झाले होते. उरलेला माल समोरच्या दुकानदाराने आपल्या फ्रीजरमध्ये ठेवून घेतला होता. एरवी दोघांची गिऱ्हाइकांवरून ओढाताण. पण संकटात शेजार तो शेजारच.

"वहिनी," मामा म्हणाले, "आधी एक कप चहा द्या, आणि पाच मिनिटं मला काही विचारू नका."

मग त्यांनी फ्रीजरची पाठ उघडली. स्क्रूड्रायव्हरचे टोक कॉम्प्रेसरच्या लोखंडी पोटावर टेकले, दांडा कानाला लावला आणि डोळे मिटले. अगदी नाडीवैद्य! आतून आवाज येई तो असा: 'हूंऽऽ' आणि लगेच 'टक्'. मग शांतता. थोड्या वेळाने पुन्हा 'हूंऽऽ, टक्'.

बटण बंद करून त्यांनी मीटर काढला. कॉम्प्रेसरला तीन टोके असतात. मामांनी दोन दोन टोकांच्या जोड्या मोजल्या आणि मला लिहून घ्यायला सांगितले. ९ ओहम, १५ ओहम, २४ ओहम.

"नऊ आणि पंधरा किती?"

"चोवीस."

"हिशेब जुळला. आतली दोन्ही वेटोळी शाबूत. आता बाहेरच्या पत्र्याला वीज लागते का पाहू. नाही लागत. वहिनी, तुमचा कॉम्प्रेसर जिवंत आहे."

बाई मटकन स्टुलावर बसल्या.

मेला होता तो रिले. कॉम्प्रेसर सुरू होताना त्याला क्षणभर धक्का देणारा, काडेपेटीएवढा भाग. मामांनी तो काढून कानाशी हलवला, तर आत खुळखुळ्यासारखा आवाज. आतली चकती फुटली होती. शिवाय मागची कंडेन्सरची जाळी लाल धुळीने आणि घोड्यांच्या केसांनी गच्च भरलेली. आतली उष्णता त्या जाळीतून बाहेर पडायची असते. तीच बुजली तर फ्रीजर अंगात घोंगडी घालून धावणाऱ्या माणसासारखा धापा टाकतो. मी रंगाचा ब्रश घेऊन ती जाळी साफ केली. माथेरानची माती नाकातोंडात गेली ती अशी!

नवा रिले बसला, फ्रीजर गुणगुणू लागला. मला वाटले, झाले काम. मामा मात्र हत्यारे आवरीनात.

"रिले गेला हे खरं. पण तो का गेला? दिवसा चांगला चालतो, रोज संध्याकाळी कण्हतो, असं ह्या म्हणतात. दुखणं संध्याकाळचं, तर दुपारी नाडी पाहून काय उपयोग? सात वाजता परत येऊ."

मधल्या वेळात एका लॉजवर गेलो. तिथे तक्रार गीझरची. मॅनेजर तावातावाने म्हणाला, "गिऱ्हाईक ओरडतंय, पाणी तापत नाही. गीझर बदलून टाका." मामांनी तेही मोजले आणि मला शाळेतले गणित घातले. विजेचा दाब जितका उतरतो, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता उतरते. २३० व्होल्टला जो गीझर २००० वॅटचा, तो १७० व्होल्टला जेमतेम ११०० वॅटचा उरतो. म्हणजे बादलीला जवळजवळ दुप्पट वेळ.

"बिघडलेलं काही नाही," मामांनी त्याला सांगितले. "बटण अर्धा तास आधी चालू करा. वीज कमी पडली की गीझर आळशी होतो; कॉम्प्रेसर मात्र मरतो."

मॅनेजरला हे फारसे रुचले नाही. नुसता सल्ला दिल्याचे पैसे द्यायला कुणाला आवडते? त्याने परसातला जुना तांब्याचा बंब दाखवून म्हटले, "याला व्होल्टेज लागत नव्हतं." मामा हसून म्हणाले, "लाकूड लागत होतं."

त्याच लॉजच्या स्वयंपाकघरात एका फ्रीजची नळी गळत होती. मामांनी झाळ दिली, पंप लावून आतली हवा ओढली आणि गेजकडे बोट दाखवले. काटा २७ पाशी येऊन थांबला होता. "नेरळला हाच काटा ३० ला टेकतो," ते म्हणाले. माथेरान सुमारे ८०० मीटर उंच. इथली हवाच खालच्यापेक्षा नऊ-दहा टक्के हलकी. त्यामुळे पूर्ण हवा काढली तरी काटा त्यापुढे जात नाही. मामांचा पहिला मदतनीस हे न कळल्याने नळी गळतेच आहे असे समजून अख्खी दुपार पंप चालवीत बसला होता म्हणे. इथे पाणीही १०० अंशांवर नव्हे, ९७ च्या आसपासच उकळते. डोंगराचे कायदे वेगळे. खालचे पुस्तक वर आणताना त्यात थोडी दुरुस्ती करावी लागते.

गॅस भरताना मात्र मामा फार जपून. जुन्या फ्रीजमधला आर-१२ ओझोनच्या थराला छिद्रे पाडतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू बाद झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही. पण वातावरण तापवण्यात तो कर्बवायूच्या हजारपटीहूनही जबर. म्हणून गळती न शोधता वरचेवर गॅस मारून देणाऱ्यांवर मामांचा राग. "गॅस म्हणजे मोटारीतलं पेट्रोल नव्हे, की वापरून संपतो. नळी शाबूत असेल तर तो जन्मभर पुरतो. कमी झाला याचा अर्थ कुठंतरी भोक आहे."

सातला आम्ही परत बाजारात आलो. दिवे लागले होते. हॉटेलांचे पंप, गीझर, मिक्सर एकदम सुरू झालेले. मामांनी मीटर खांबाजवळच्या बोर्डाला लावला. दुपारी २०८ दिसलेला आकडा १६८ वर आला होता. आणि आमच्या डोळ्यांदेखत फ्रीजर थांबला, पुन्हा उठू गेला आणि 'हूंऽऽ, टक्'.

"हे बघा दुखणं," मामा म्हणाले. "इतक्या कमी दाबाला हा उठू शकत नाही. धडपडतो, तापतो, आतली कळ त्याला बंद करते. दोन महिने असं चाललं तर खरोखरच जळेल. वहिनी, याला स्टॅबिलायझर नव्हता का कधी?"

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या.

"होता," त्या म्हणाल्या. "ह्यांनीच आणला होता फ्रीजरबरोबर. ते गेल्यावर दुकानाची मांडणी बदलली, तेव्हा मीच काढून ठेवला. रात्री टकटक वाजायचा. झोप यायची नाही मला."

पोटमाळ्यावर मी चढलो. चिक्कीच्या रिकाम्या डब्यांमागे, गोणपाटात नीट गुंडाळलेला तो स्टॅबिलायझर सापडला. वर दोरी बांधलेली. मामांनी तो उघडून धूळ झटकली, एक तार बदलली आणि जोडला. काटा चढला. तीन-चार मिनिटे काहीच झाले नाही. वीज आल्याबरोबर फ्रीजरला घाई करू द्यायची नाही, अशी त्यात सोय होती. मग तो टक्कन वाजला. बाई दचकल्या. आणि पाठोपाठ फ्रीजर सुरू झाला तो थांबला नाही.

"आता वाजू द्या त्याला," मामा हळूच म्हणाले.

"वाजू दे," त्या म्हणाल्या, आणि पदराने त्यावरची उरलेली धूळ पुसू लागल्या.

रात्री आम्ही तिथेच एका ओळखीच्यांकडे मुक्काम केला. सकाळी मामांनी फ्रीजर उघडून थर्मामीटर पाहिला: उणे १८. समोरचा दुकानदार स्वतः पेट्या उचलून माल परत घेऊन आला. मामांनी रिलेचे आणि येण्याजाण्याचे पैसे घेतले. बारा हजारांच्या मानाने ती रक्कम सांगायलाही लाज वाटावी अशी. निघताना एक सूचना: "पावसात दुकान बंद ठेवाल तेव्हा फ्रीजर रिकामा करून झाकणात लाकडाची ढलपी अडकवा. नाही तर आत बुरशी धरेल."

परतीच्या वाटेवर मी न राहवून म्हटले, "मामा, कॉम्प्रेसर बदलला असता तर तुम्हांलाही चार पैसे सुटले असते. त्या बाईंना काय कळणार होतं?"

मामा काही बोलले नाहीत. दस्तुरीच्या चढाला समोरून एक हातगाडी येत होती. वर कसलीशी मोठी खोकी, आणि मागचा एक माणूस पार वाकलेला. चाक खड्ड्यात अडले. मामांनी माझ्या हातात आपली पिशवी दिली, पुढे होऊन गाडीला खांदा लावला, चाक बाहेर काढले आणि हात झटकत परत आले.

"बाईंना कळलं नसतं," ते म्हणाले. "ह्याच्या कमरेला कळलं असतं."

त्यानंतर माथेरानात बरेच बदलले. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढून नेण्याची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. बातमी वाचली तेव्हा मला ते अडलेले चाक आठवले.

या दिवाळीच्या सुटीत तुम्ही माथेरानला गेलात, तर पॉइंट जरूर पाहा. पण बाजारात आइस्क्रीम खाताना क्षणभर कान द्या. कुठल्या तरी दुकानाच्या कोपऱ्यातून 'टक्' असा आवाज आला तर समजा, यंत्राची प्रकृती ठीक आहे.