छावणीतली माणसं

पुंडलिकनगरात जानेवारीची पहाट धावत्या पावलांच्या आवाजानं होते. भरतीची तयारी करणारी पोरं गारखेड्याच्या क्रीडा संकुलाकडे निघालेली असतात. कुणाच्या बोलण्यात परभणीचा हेल, कुणाच्या बीडचा. कुणी तांड्यावरून आलेला; फोनवर आईशी बोलताना त्याची गोरमाटी सुरू होते, ती मला अर्धीमुर्धीच कळते. उद्या वर्दी चढली की ही सगळी ‘जवान’ या एकाच नावात मावतील. युद्धपट पाहताना माझे डोळे म्हणूनच घोड्यावरच्या सरदारापाशी फार वेळ टिकत नाहीत. मागच्या रांगेत कोण आहे, ते आधी पाहावंसं वाटतं.

आशुतोष गोवारीकरांचा ‘पानिपत’ डिसेंबर २०१९ मध्ये आला. त्याची सुरुवातच उदगीरच्या मोहिमेनं होते, तेव्हा मराठवाड्यातला माणूस जरा सरसावून बसतो. १७६० च्या त्या विजयानंतर निजामानं जो मुलूख आणि जे किल्ले सोडले, त्यांत आपल्या शेजारचा दौलताबादही होता. आणि निजामाच्या पदरी राहिलेला, फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेला इब्राहिमखान गारदी आता मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेब यांच्या तोफखान्याचा आधार होता. चित्रपटात नवाब शाह यांचा इब्राहिमखान रुबाबदार दिसतो. पण तो दृष्टीआड झाला, की मन त्याच्यामागच्या हजारोंकडे वळतं. कित्येक गारदी तेलंगणाकडचे. परक्या सरदाराकडून कवायत शिकलेले, घरापासून कोसच्या कोस दूर, उत्तरेच्या थंडीत उभे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर त्यांनी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांची फळी मागे रेटली होती. मग आपलेच घोडेस्वार उतावीळपणे पुढे घुसले आणि त्यांच्या तोफांच्या आड आले. इब्राहिमखान जखमी होऊन पकडला गेला, मारला गेला. त्याच्या गारद्यांतल्या एकाचंही नाव आपल्या ओठांवर नाही.

पानिपताकडे जितकं निरखून पाहावं, तितक्या आपण आखलेल्या रेषा पुसट होत जातात. अब्दालीच्या बाजूला असलेल्या शुजाउद्दौल्याच्या फौजेत अनुपगिराचे गोसावी होते, अंगाला भस्म फासून लढणारे. त्याच शुजाच्या चाकरीत काशीराज पंडित होता, मूळचा दख्खनी ब्राह्मण. त्या दिवसाची जी हकीकत इतिहासकार आजही उघडून बसतात, ती त्यानं फारसीत लिहिलेली आहे. म्हणजे मराठ्यांच्या बाजूनं मुसलमान तोफा डागतो आहे, समोर गोसावी उभे आहेत आणि मराठ्यांचा पराभव दख्खनचाच एक माणूस शत्रूच्या गोटातून टिपून ठेवतो आहे. एवढं सगळं हाताशी असताना पडद्यावरच्या दोन फौजा मात्र दोन रंगांत वाटून का घ्याव्या लागतात?

रंग वाटले की वाद उठतात. ‘पानिपत’ लागला तेव्हा राजस्थानात महाराजा सूरजमल यांच्या चित्रणावरून जाट समाज रस्त्यावर उतरला आणि निर्मात्यांना सुमारे ११ मिनिटांचा भाग कापावा लागला. मला त्या रागातलं दुखणं कळतं. आपला पूर्वज कुणीतरी दुसऱ्यानं रंगवावा आणि तो लोभी दिसावा, हे सोसणं कठीण. पण कात्री चालवून कुणाचं चित्र पुरं होत नाही. जागा तेवढी मोकळी राहते.

आणि लढणाऱ्यांहून वेगळी अशी एक मोठी छावणी होतीच. यात्रेच्या आशेनं निघालेली कुटुंबं, वाणी-उदमी, पालखीवाले भोई, स्वयंपाकी, मोतद्दार, बायका. पोरवयातले नाना फडणीस कसाबसा जीव वाचवून परत आले; त्यांची आई त्या धावपळीत हरवली ती हरवलीच. गोवारीकरांनी गोष्ट भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंच्या आवाजात सांगितली, हे मला फार आवडलं. पुढची वीसेक वर्षं त्या बाईनं नवरा जिवंत आहे असंच धरलं, कुंकू पुसलं नाही. युद्धाचा खरा काळ तिथं कळतो. रणांगणावर ते एका दिवसात आटोपलेलं असतं.

विविधता दाखवायची म्हणून पडद्यावर एक टोपी, एक पगडी, एक घुंगट ओळीनं उभा करणं सोपं आहे. त्यानं माझं समाधान होत नाही. कॅमेरा कुणाच्या मरणापाशी थांबतो, यावर मी चित्रपटाची दानत जोखते. सरदार पडला की पावा वाजतो, वेळ मंदावते. गारदी पडतो तेव्हा पुढचं दृश्य सुरू झालेलं असतं. पानिपतावर पुन्हा कुणी चित्रपट काढणार असेल, तर माझं मागणं थोडकं आहे. एका गारद्याला नाव द्या, गाव द्या, त्याच्या भाषेतलं एखादं वाक्य द्या. भोयाच्या खांद्यावरचा घट्टा दिसू द्या. भाऊसाहेबांची उंची त्यानं तसूभरही कमी होणार नाही. उलट त्यांनी केवढा भार पेलला होता आणि त्यांच्याबरोबर किती तऱ्हेचा देश तिथं पडला, हे पाहणाऱ्याला पहिल्यांदा कळेल.