सातवा हिस्सा

स्वाहिली शिकायला लागलं की मराठी माणसाची पहिली फजिती नात्यांत होते. इथे 'दादा' म्हणजे बहीण आणि 'काका' म्हणजे भाऊ! ते पचलं की मग ओळखीची मंडळी भेटत जातात. हेसाबू म्हणजे हिशेब, दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, रांगी म्हणजे रंग. वकिलाला 'वकिली' आणि पुस्तकाला 'किताबू'. याच रांगेतला एक शब्द 'शेरिया', म्हणजे कायदा. वाहतुकीचा, भाड्याचा, संसदेने केलेला, कुठलाही. रविवारी न चुकता चर्चला जाणारा आमचा नैरोबीचा टॅक्सीवालाही हवालदार दिसला की शेरियाच्या नावाने कुरकुरतो. अरबी 'शरिया'मधून आलेला हा शब्द केनियात सगळ्यांचाच झाला आहे. देश मात्र बहुसंख्य ख्रिस्ती. 2019 च्या जनगणनेत मुसलमान साधारण अकरा टक्के होते, आणि आपण हिंदू तर चिमूटभर.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नैरोबीत आलो. त्याआधी मी सांगलीला शाळेत शिकवत होते. आमच्याच इमारतीत मोंबासाची एक शिक्षिका राहते. स्वाहिलीत शिक्षकाला 'म्वालिमू' म्हणतात. ती मला म्वालिमू म्हणते, मी तिला म्वालिमू म्हणते, आणि जिन्यात कोण कुणाला हाक मारतंय ते तिसऱ्याला कळत नाही. शाळेच्या सुट्टीत ती माहेरी निघाली, तेव्हा मुलांना घेऊन आम्हीही तिच्याबरोबर निघालो.

नैरोबी ते मोंबासा ही नवी रेल्वे 2017 साली सुरू झाली. पाच-सहा तासांचा प्रवास. त्सावोच्या लाल मातीत हत्ती दिसले तर मुलं खूश, नाही दिसले तर डबा उघडायचा. मोंबासाला उतरलं की नारळ, दमट हवा आणि खारा वारा. मला एकदम रत्नागिरी आठवली. ते अगदीच उगाच नव्हतं. याच मोसमी वाऱ्यांवर शतकानुशतकं अरबस्तान, आपला पश्चिम किनारा आणि हा किनारा यांच्यात गलबतं ये-जा करत. इथले बहुतेक मुसलमान सुन्नी शाफी पंथाचे आणि आपले कोकणी मुसलमानही शाफीच.

म्वालिमूचं माहेर जुन्या शहरात. अरुंद बोळ, नक्षीदार लाकडी दारं, पितळी किटलीतून कडू कॉफी विकणारे म्हातारे, काळ्या बुईबुईतल्या बायका, आणि मधूनच एखादं गुजराती पाटीचं दुकान. बोळ संपला की फोर्ट जीझस हा पोर्तुगीजांनी 1593 साली बांधायला घेतलेला किल्ला. किल्ल्याशी उभं राहून म्वालिमूने मला इथल्या काझींची गोष्ट सांगितली. हा किनारा झांजिबारच्या सुलतानाचा होता. 1895 मध्ये ब्रिटिशांनी करार करून दहा मैल रुंदीची किनारपट्टी आपल्या कारभाराखाली घेतली, पण मालकी सुलतानाचीच राहिली. 1963 पर्यंत या किल्ल्यावर त्याचं लाल निशाण फडकत असे. स्वातंत्र्य जवळ आलं तेव्हा, ऑक्टोबर 1963 मध्ये, जोमो केन्याटा आणि झांजिबारचे पंतप्रधान मुहम्मद शामते यांच्यात पत्रव्यवहार झाला. किनारा केनियात राहील, आणि त्या बदल्यात काझींची न्यायालयं टिकतील, मुस्लिम मुलांच्या अरबी शिक्षणाकडे लक्ष दिलं जाईल, असं ठरलं. कायदा आणि शाळा दोन्ही एकाच पत्रात!

2010 मध्ये नवी राज्यघटना आली तेव्हा या काझी न्यायालयांवरून मोठं रण माजलं. एका धर्माची न्यायालयं सरकारी पैशाने का, असं अनेक चर्चचं म्हणणं होतं. 4 ऑगस्टला सार्वमत झालं. साधारण सदुसष्ट टक्के लोकांनी घटनेच्या बाजूने मत दिलं आणि काझी घटनेत राहिले. त्यांची हद्द मात्र आखलेली आहे. लग्न, तलाक, वारसा आणि वैयक्तिक दर्जा, एवढेच विषय; तेही सगळे पक्षकार मुसलमान असतील आणि काझीकडे जायला तयार असतील तरच. चोरी, मारामारी, खून यांच्याशी काझीचा संबंध नाही. मनाजोगता निकाल नाही मिळाला तर वर उच्च न्यायालय आहे.

आपल्याकडे मुस्लिम कायद्याचा खटला साध्या न्यायालयात, कुठल्याही धर्माच्या न्यायाधीशापुढे चालतो. इथे काझी हा सरकारी पगार घेणारा न्यायाधीशच. हमीद दलवाईंच्या महाराष्ट्रातून आलेली मी. 1966 साली त्यांनी सात बायकांना बरोबर घेऊन मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढला, हे मी वर्गात शिकवलेलं. त्यामुळे माझ्या मनात प्रश्न तयारच होता: मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा देणारा कायदा घटनेत कसा काय बसतो? घटनेत त्याचं उत्तर आहे. समानतेच्या हक्काला काझी न्यायालयांपुरती, अत्यावश्यक तेवढीच मुरड घातली आहे. उत्तर वाचलं, पण समाधान झालं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर मी तो प्रश्न म्वालिमूलाच विचारला. ती हसली. "आम्ही तीन बहिणी, दोन भाऊ," ती म्हणाली. "बाबा गेल्यावर भावांनी घराला कुलूप लावलं आणि म्हणाले, तुमची लग्नं झाली, आता तुमचं इथे काय? धाकटी बहीण काझीकडे गेली. आई आधीच गेलेली, तेव्हा हिशेब सोपा होता. भावांना दोन-दोन, बहिणींना एक-एक, एकूण सात. प्रत्येक बहिणीला सातवा हिस्सा. निम्मा म्हणतेस तू, पण काझी नसता तर शून्य होतं."

मी गप्प बसले, कारण मला माझी आई आठवली. आपल्याकडे 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. तरीही आजोबांची जमीन वाटली तेव्हा आई आणि दोन्ही मावश्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गेल्या, हक्कसोडपत्रावर अंगठे-सह्या झाल्या, मामाने तिघींना एकेक पैठणी घेतली आणि माहेर शाबूत राहिलं. कागदावर पूर्ण हिस्सा, हातात पैठणी. मी हे म्वालिमूला सांगितलं तेव्हा ती खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पैठणी म्हणजे किती मीटर?"

सुझन हर्श या अमेरिकी अभ्यासक बाईंनी मोंबासा आणि मालिंदीच्या काझी न्यायालयांवर 1998 साली पुस्तक लिहिलं. तिथे दाद मागायला येणाऱ्या बहुसंख्य बायकाच असतात आणि पुष्कळदा त्या जिंकतात, असं त्यांना दिसलं. दुसऱ्या दिवशी आम्ही न्यायालयावरून गेलो तेव्हा बाहेरच्या बाकांवर बायकाच बसल्या होत्या, मांडीवर कागदांच्या पिशव्या घेऊन. म्हणून निम्मा हिस्सा मला न्याय्य वाटायला लागला असं नाही. पण कायद्याचं पुस्तक वाचणं वेगळं आणि त्या बाकावर बसणं वेगळं, एवढं कळलं.

मला शिक्षिका म्हणून जास्त ओढ होती ती मदरशांची. किनाऱ्यावरची मुलं आधी कुराणशाळेत जात आणि सरकारी शाळेत पोचेपर्यंत मागे पडत. 1980 च्या दशकात इथल्या मुस्लिम पुढाऱ्यांनी आगाखानांकडे हा प्रश्न नेला आणि त्यातून मदरशातच बालवाडी सुरू झाली. वस्तीतल्याच तरुण मुलींना शिक्षिका म्हणून तयार केलं. खेळणी नारळाच्या करवंट्यांची, शिंपल्यांची, बिया आणि बाटल्यांच्या झाकणांची; गाणी स्वाहिली; कुराणाच्या आयती आणि मोजणी शेजारी शेजारी. पुढे हा प्रयोग झांजिबार आणि युगांडातही गेला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला वस्तीतल्याच वस्तूंवर बालवाडी उभी केली. करवंट्यांचे तराजू पाहून त्या दोघींना इथे फार बरं वाटलं असतं, असं मला वाटलं.

सरकारी अभ्यासक्रमात ख्रिस्ती, इस्लामी आणि हिंदू अशी तिन्ही धर्मशिक्षणं आहेत. तरी सगळं गोडीगुलाबीचं नाही. इसिओलोतल्या एका चर्चपुरस्कृत शाळेत मुलींनी हिजाब घालायचा की नाही, यावर वर्षानुवर्षं खटला चालला. 2016 मध्ये निकाल मुलींच्या बाजूने लागला आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो तांत्रिक कारणावरून रद्द केला. अल्-शबाबच्या हल्ल्यांनी तर मनं पार पोळली. 2015 च्या एप्रिलमध्ये गारिसा विद्यापीठात 148 माणसं मारली गेली, ख्रिस्ती विद्यार्थी वेगळे काढून. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मंडेराकडे जाणारी बस अडवून बंदूकधाऱ्यांनी मुसलमान आणि ख्रिस्ती प्रवाशांना वेगळं व्हायला सांगितलं. मुसलमान प्रवासी हलले नाहीत. त्यांच्यातले सालाह फाराह हे शिक्षक गोळी लागून जखमी झाले आणि जानेवारीत वारले. केनियाने त्यांना मरणोत्तर सन्मान दिला. म्वालिमूने हे सांगताना एवढंच म्हटलं, "आपल्यातलाच होता." आपल्यातला म्हणजे मुसलमान की शिक्षक, ते मी विचारलं नाही.

या देशाच्या 2014 च्या विवाह कायद्यात ख्रिस्ती, हिंदू, इस्लामी, पारंपरिक आणि नागरी अशी पाचही लग्नं एकाच कायद्यात बसवली आहेत आणि वय सगळ्यांना अठरा. सुट्ट्यांच्या कायद्यात हिंदूंसाठी दिवाळीही आहे. त्या दिवशी म्वालिमू शाळेतून आली की चकल्या न्यायला येते. यंदा धाकट्या बहिणीसाठीही डबा मागितला आहे. त्या बहिणीने आपल्या सातव्या हिश्शाच्या खोलीत शिलाई मशीन टाकलं आहे. खोली रस्त्याच्या बाजूची आहे आणि तिचं दार स्वतंत्र आहे.